भाच्याला ब्लड कॅन्सर झालाय, घर कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सहा वर्षांच्या भाच्याला एएलएल प्रकारचा ब्लड कॅन्सर निघाला. ताई त्याला घेऊन परळला टाटा कॅन्सर रुग्णालयाजवळ एका लॉजवर राहतेय, पहिल्या टप्प्याची किमो संपत आलीय. भाऊजी सोलापूर जिल्ह्यातल्या गावी ये-जा करताहेत आणि शेताचा एक तुकडा विकायचं घाटतंय. अकरा वर्षांची भाची आजीकडे आहे, तिला 'भावाला टायफॉइड झालाय' असं सांगितलंय. मुलालाही काही सांगितलेलं नाही. ताई जेवत नाही, फोनवर रडते, नाहीतर बोलतच नाही. आजींना वाटतंय की बाहेरचं काहीतरी आहे. तुम्ही स्वतः शिक्षक आहात. बिनपगारी रजा काढून मुंबईला जाऊन राहू का आणि ताईला धीर कसा देऊ, असं विचारताय.

मी मुंबईत मुलांच्या कर्करोग विभागात वैद्यकीय समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम करतेय. औषधांबद्दल तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. घराबद्दल मात्र मी सांगू शकते.

धीर कसा द्यायचा या प्रश्नाला माझं उत्तर असं की आधी सोय लावा. ज्या बाईला आज रात्री कुठे झोपायचं, उद्याच्या इंजेक्शनचे पैसे कुठून आणायचे आणि गावी राहिलेल्या मुलीने डबा नेला की नाही हे माहीत नाही, तिला 'खचू नकोस' म्हणून काहीही साध्य होत नाही. उलट तिला वाटतं, माझं कुणाला कळतच नाहीये. याच तीन गोष्टी मार्गी लागल्या की तीच बाई आठवड्याभरात डॉक्टरांना प्रश्न विचारायला लागते. हे मी फार जणींच्या बाबतीत पाहिलंय.

याला टाटामधला मोठा दाखलाही आहे. तिथे मुलांच्या विभागात दर पाच कुटुंबांपैकी जवळपास एक कुटुंब उपचार नाकारायचं किंवा अर्धवट सोडून जायचं. २०१० च्या सुमारास विभागाने इम्पॅक्ट फाउंडेशन उभं केलं. पैशांची जुळवाजुळव, राहण्याची सोय, मुलांचा आहार, समुपदेशन आणि तारीख चुकवणाऱ्या घरी फोन ही सगळी कामं एका छत्राखाली आली. काही वर्षांत उपचार सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून एक आकडी झालं. त्यासाठी किमोचं कुठलं नवं औषध लागलं नाही. म्हणून कुणी मानसिक आधाराला 'वरची गोष्ट' म्हटलं की मला राग येतो. मूल जगण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

आता तुमच्या घराकडे येऊ.

शेत विकायचं आधी थांबवा. निदान झाल्यावरच्या पहिल्या महिन्यात घाबरून घेतलेले पैशांचे निर्णय सगळ्यात महाग पडतात. भाऊजींना सांगा, पुढच्या खेपेला विभागातल्या समाजसेवकांना भेटल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. रेशनकार्ड, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, उत्पन्नाचा दाखला आणि फाइल, एवढं बरोबर न्यायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयात या योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र सांगेल, १५५३८८ या नंबरवरही विचारता येतं. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी आणि विश्वस्त संस्था असतात. अर्ज कुणाकडे आधी करायचा आणि कुणाकडे नंतर, हा क्रम समाजसेवकांना ठाऊक असतो. म्हणून स्वतःच्या मनाने दहा ठिकाणी अर्ज टाकू नका. फोनवर पैसे मागण्यासाठी मुलाचा टक्कल पडलेला फोटो नातेवाईक गटागटांत फिरवतात, तेही नको. हा मुलगा दोन-तीन वर्षांनी त्याच गावात शाळेत जाणार आहे.

लॉज सोडायची खटपट लगेच सुरू करा. मुंबईत मुलांच्या कॅन्सरच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून चालतात. प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली, स्वयंपाकाला ओटा आणि शिधा मिळतो. तिथे नाव रुग्णालयामार्फतच जातं. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथेही विचारून ठेवा. अशा ठिकाणी राहण्याचा भाड्यापेक्षाही मोठा फायदा आहे. ओट्याशी शेजारी उभी असलेली बाई ताईच्या चार महिने पुढे गेलेली असते. 'तोंड आलं की थंड दही-भात दे, पण दही त्याच दिवशीचं घे' किंवा 'सिस्टरला सांग, बाळाचा पोर्ट (औषध देण्यासाठी छातीत बसवलेली नळी) सकाळीच लाव' हे ती सांगते. इतकं नेमकं मला किंवा डॉक्टरांना सुचत नाही. लॉजच्या बंद खोलीत ताईला हे कोण सांगणार?

प्रवासाचं एक. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. रेल्वेच्या नमुन्यातला फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्यायचा. सवलत रुग्णाबरोबरच्या प्रवासालाच आहे, भाऊजी एकटे सिद्धेश्वर एक्सप्रेसने येतात-जातात त्याला नाही. खर्चाचा हिशेब करताना हे धरून चला.

इथे मी जरा थांबून एक धोका सांगते, कारण तुम्ही नेमके त्याच वळणावर आहात. पहिला टप्पा संपल्यावर बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी होईल. बहुतेक मुलांचा रिपोर्ट चांगला येतो. डॉक्टर म्हणतील, आजार आटोक्यात आलाय. मूल खेळायला लागलेलं असेल, ताप नसेल. घरात सगळ्यांना वाटतं, झालं, बरा झाला. मग पेरणी असते, ऊसतोड असते, कुणाचं लग्न असतं, पुढची तारीख 'जरा' पुढे ढकलली जाते. रिपोर्ट चांगला म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मगजातल्या कॅन्सरच्या पेशी ५ टक्क्यांच्या आत आल्या. शरीरात त्या अजून कोट्यवधींच्या संख्येने दडलेल्या असू शकतात, म्हणूनच उपचार एकूण दोन-अडीच वर्षं चालतात. ठरलेल्या उपचारात सलग चार आठवड्यांचा खंड पडला की जगभरात त्याला उपचार सोडणं असंच धरतात. ज्या मुलांना आजार उलटतो त्यांच्यात अशी अर्धवट सोडलेली मुलं पाहिली की फार वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं. तेव्हा चांगल्या रिपोर्टच्या दिवशी पेढे जरूर वाटा, आणि त्याच संध्याकाळी पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा घरातल्या कालनिर्णयवर लिहून काढा. त्या तारखांना मुलाबरोबर कोण जाणार, गावी म्हशीचं कोण बघणार, भाचीजवळ कोण राहणार, हे नावानिशी लिहा. हे काम तुमचं. ताईचं नाही आणि भाऊजींचंही नाही.

आता मुलाला सांगायचं की नाही. माझं मत स्पष्ट आहे, सांगायचं. 'एवढ्याशा पोराला काय कळतंय' हे मी रोज ऐकते. अमेरिकेत १९७० च्या दशकात एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, मुलांबरोबर वॉर्डात राहून अभ्यास केला. कुणी काही सांगितलेलं नसताना मुलं पायरीपायरीने सगळं ओळखत होती, आणि आईवडिलांना वाईट वाटू नये म्हणून काही कळत नसल्यासारखं वागत होती. आपल्याकडचीही मुलं अशीच आहेत. सहा वर्षांचा मुलगा वॉर्डात दुसऱ्या मुलाचं रिकामं झालेलं बेड बघतो, आईचे लाल डोळे बघतो आणि मनातल्या मनात जोडतो. या वयात मुलं बहुधा दोष स्वतःकडे घेतात. मी माती खाल्ली, दीदीला मारलं, म्हणून मला इथे टोचतात. हे त्याच्या मनातून काढायचं असेल तर खरं कारण सांगावंच लागतं.

ताईने सांगावं, तिच्या शब्दांत, एका वेळी थोडंसं. साधारण असं: "तुझ्या रक्तात काही पेशी बिघडल्यात. त्या चांगल्या पेशींना जागाच देत नाहीत, म्हणून तुला ताप यायचा, पाय दुखायचे. या आजाराला ल्युकेमिया म्हणतात. औषध त्या बिघडलेल्या पेशींना काढून टाकतंय. औषधाने केस जातील, ते परत येतील. तू काही वाईट केलं म्हणून हे झालं नाही. आणि तुझ्यामुळे दीदीला किंवा मला हे होणार नाही, आम्ही तुला जवळ घेऊ शकतो." एवढंच, आणि मग गप्प बसायचं. तो लगेच गाडीशी खेळायला लागेल. प्रश्न दोन दिवसांनी अंघोळीच्या वेळी येईल. 'मी मरणार का?' असं विचारलं तर 'असं बोलू नये' म्हणून तोंड दाबू नका. 'तुला भीती वाटली का? कुणी काही म्हणालं का? तुला बरं करायला डॉक्टर आणि आम्ही सगळे मिळून हे औषध देतोय' असं म्हणता येतं, आणि ते खरंही आहे.

न पाळता येणारं वचन देऊ नका. 'हे शेवटचं इंजेक्शन' म्हणालात आणि परवा परत टोचलं की मूल तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही आणि सिस्टरवरही. 'दुखणार नाही'ऐवजी 'टोचताना दुखेल, मी दहा म्हणेपर्यंत, मग संपेल' म्हणा. कमरेतल्या इंजेक्शनआधी भूल किंवा गुंगीचं औषध देणार आहेत का, ते डॉक्टरांना विचारा. साध्या सुईच्या वेळी चार जणांनी हातपाय दाबून धरण्याऐवजी ताईला त्याला मांडीवर घेऊन बसू देतील का, तेही विचारा. साबणाच्या फुग्यांची बाटली बरोबर ठेवा. फुंकर घालताना श्वास लांब होतो आणि मूल सैल पडतं. कुठल्या हाताला टोचायचं हे त्याला ठरवू द्या. दिवसभरात त्याच्या हातात असलेला कदाचित तो एवढाच निर्णय असतो.

तुम्ही लिहिलंय की तो ताईला चावतो, मारतो, आणि रात्री अडीच वाजता उठून वरणभात मागतो. आजींना त्यावरूनच बाहेरचं वाटतंय. हे स्टेरॉइडमुळे आहे. पहिल्या टप्प्यात रोज स्टेरॉइड देतात. त्याने भूक वेड्यासारखी वाढते, झोप उडते, चेहरा सुजतो आणि शांत मूलही कडकड करायला लागतं. औषध कमी होत गेलं की दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलं पुन्हा पहिल्यासारखी होतात. आईला हे आधी कुणी नीट सांगितलेलं नसलं तर तिला वाटतं, माझं पोरगं माझा राग करतंय. ताईला आज हे वाक्य कळवा: 'तो असा नाहीये, गोळी त्याला तसं करतेय.' रात्रीसाठी झोपायच्या वेळीच थर्मासमध्ये गरम वरणभात भरून ठेवायला सांगा, म्हणजे अडीच वाजता स्टोव्ह पेटवायला नको. मीठ आणि साखर किती, ते आहारतज्ज्ञांना विचारा. मारणं मात्र चालवून घ्यायचं नाही. हात धरून, आवाज न चढवता 'मारायचं नाही, उशी मार' एवढं म्हणायचं. दुखणाईत मुलालाही घरातला नियम लागतो. सगळे नियम उठले की त्याला वाटतं, आता माझं काही खरं नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्या भाचीची वाटते. अशा घरातलं दुसरं मूल कुणालाच दिसत नाही. ती शहाण्यासारखी वागते, अभ्यास करते, काही मागत नाही, आणि सगळे तिचं कौतुक करतात. टायफॉइडला पाच आठवडे मुंबई लागत नाही, हे अकरा वर्षांच्या मुलीला समजतं. शाळेत तिला कुणीतरी 'तुझा भाऊ कॅन्सरने जाणार' असं सांगेलच, कदाचित सांगितलंही असेल. तुम्ही शिक्षक आहात, मामा आहात, हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही. शनिवारी तिला बाहेर घेऊन जा, आणि चालता चालता सांगा. आजाराचं नाव सांगा. संसर्ग होत नाही, तिच्या भांडणामुळे हे झालेलं नाही, तिला हा आजार होण्याची भीती बाळगायचं कारण नाही, हे सांगा. आईवडील तिच्यावर रागावलेले नाहीत, हेही सांगा. मग विचारा, तुला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो? राग येतो हे मान्य करायला मुलींना परवानगी द्यावी लागते. 'तू आता मोठी आहेस, आजीला त्रास देऊ नकोस' हे वाक्य घरातून काही महिने बंद करा.

तिच्या कानावर आणखी एक गोष्ट पडली असेल. नातेवाईक बोलतात, 'बहिणीचा बोन मॅरो घालतील.' एएलएलच्या बहुतेक मुलांना प्रत्यारोपण लागतच नाही, औषधांवरच उपचार होतात. लागलं तरी सख्ख्या भावंडाचा जुळण्याची शक्यता चारात एक असते. मोठ्यांनी हे ओसरीवर चर्चिलं की मुलगी रात्री जागी राहून 'माझं हाड काढतील' म्हणून घाबरते, आणि आपण घाबरलो याची तिला लाजही वाटते. तिला असं काही वाटतं का, ते विचारून घ्या. आणि रोज ठरलेल्या वेळी आईशी दहा मिनिटं फोन, ज्यात भावाचा विषय आधी निघणार नाही. ताईला हे जड जाईल. पण त्या दहा मिनिटांत ती फक्त आजारी मुलाची आई नसते, हे तिच्याही उपयोगाचं आहे.

आता ताई. ती जेवत नाही त्याचं एक कारण बहुधा कुणी विचारलेला प्रश्न असेल. गरोदरपणी काय खाल्लंस, तुमच्या माहेरी कुणाला होतं का, मोबाइल फार देत होतीस का. हे सासरीच होतं असं नाही, माहेरचेही विचारतात. तुम्ही सगळ्या घराला ठणकावून सांगा: मुलांचा ल्युकेमिया आईवडिलांच्या काही करण्याने होत नाही. बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही आणि तो क्वचितच आनुवंशिक असतो. हे ताईला भाऊजींच्या तोंडून, सासूबाईंसमोर ऐकायला मिळालं तर माझ्या पाच समुपदेशनांपेक्षा जास्त काम होईल. शक्य असलं तर डॉक्टरांना विनंती करा की भाऊजी आणि आजी दोघांसमोर एकदा सांगा.

'जेवलीस का?' हा प्रश्न तिला रोज पंधरा जण विचारतात. तुम्ही तो विचारू नका. 'आज काउंट किती आले?' असं विचारा. सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टमधली हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ही तीन आकड्यांची भाषा शिकून घ्या. ज्याला आकडे कळतात त्याच्याशी ती खरं बोलेल. बाकी सगळ्या पाहुण्यांना बातमी देण्याचं काम तुम्ही घ्या. व्हॉट्सॲपवर आठवड्यातून दोनदा चार ओळी टाका आणि लिहा की ताईला फोन करू नका, मला करा. गोमूत्र, पपईच्या पानांचा रस, अमुक वैद्य असे संदेश तिच्यापर्यंत पोचूच देऊ नका.

रडणं, चिडणं, बधिर होणं पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यांचं होतं, त्याला आजार म्हणू नये. पण सलग दोन आठवडे झोप नाही, अंघोळ-केस टळताहेत, मुलाकडेही बघवत नाही, 'मी नसते तर बरं' असं काही बोलली, तर वाट बघू नका. विभागात समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ असतात, समाजसेवकांना सांगितलं की गाठ घालून देतात. मध्यरात्रीचं कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन मराठीतून बोलतो. आईने मनाचं औषध घेणं यात कमीपणा नाही. अडीच वर्षं तिला उभं राहायचंय.

भाऊजींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, 'ते काही बोलत नाहीत.' वडिलांना बहुतेक घरांत पैशापुरतं हाक मारली जाते. गावाकडे वसुली, मुंबईत काउंटरवरच्या रांगा, आणि मुलाजवळ मात्र बसायला मिळत नाही. मग ते दूर दूर राहतात आणि बायकोला वाटतं, याला काही वाटत नाही. उपाय साधा आहे. एका किमोला मुलाबरोबर वडिलांनी राहायचं आणि ताईने गावी जायचं, मुलीच्या कुशीत झोपायचं. पहिल्या खेपेला ताई नाहीच म्हणेल, 'त्यांना जमणार नाही.' फाइल कशी लावलीय, कुठल्या औषधाला उलटी होते, पोर्टला पाणी लागू द्यायचं नाही, हे तिने दोन दिवस शिकवलं की जमतं. मी जमलेलं पाहिलंय. वडिलांबरोबर राहिलेली मुलं वेगळीच खुलतात, आणि ताईखेरीज दुसरा एक जाणता माणूस घरात तयार होतो. ती तापाने पडली तर किमो चुकत नाही.

आजींशी वाद घालू नका. त्यांचा नातू आहे, आणि त्यांच्या हातात करण्यासारखं दुसरं काही नाही. देवाला नवस, मीठ-मोहरीने दृष्ट काढणं, लांबून अंगारा ओवाळणं याने बिघडत नाही. काय चालणार नाही तेवढं नेमकं सांगा. मुलाच्या तोंडात अंगारा, तीर्थ, काढा, भस्म काहीही जाता कामा नये. मिरच्यांचा धूर नको, पोर्टवर किंवा सुईच्या जागेवर दोरा-ताईत नको. पांढऱ्या पेशी कमी असताना साधं पाणीही त्याला महागात पडू शकतं आणि काही काढे किमोच्या औषधांबरोबर यकृतावर ताण आणतात. आजींना एखादं खरं काम द्या. घरी आल्यावर त्याच्या हात धुण्यावर लक्ष ठेवायचं, उकळून गार केलेलं पाणी त्यांनीच द्यायचं. नातवाचं पथ्य सांभाळणारी आजी म्हणून त्या चोख राहतील, माझी खात्री आहे.

गावी आल्यावरची तयारी आत्ताच करा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा डॉक्टरांनी जो आकडा दिलाय त्याच्या वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, तासाभरात रुग्णालय गाठायचं. कुठलं रुग्णालय, गाडी कुणाची, रात्री चावी कुणाकडे, हे आज ठरवा. सोलापूर जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. मधल्या रक्ततपासण्या किंवा तापाचे उपचार तिथे करता येतील का, ते टाटाच्या डॉक्टरांना विचारून त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन ठेवा. पुढे मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यात, घरी गोळ्या सुरू होतील. त्यात ६-एमपी बहुधा रोज असते आणि मिथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. मिथोट्रेक्सेट रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि तो वार कालनिर्णयवर लाल करा, गोळ्यांचे डबे वेगळे ठेवा.

शाळेचं तुम्हाला मी काय सांगू, पण एक लक्षात ठेवा. मुलाचं नाव पटावरून जाऊ देऊ नका आणि त्याच्या वर्गशिक्षिकेला आत्ताच भेटा. तो परत येईल तेव्हा टोपी घालून येईल, सुजलेला असेल, लवकर दमेल. वर्गाला आधी सांगितलेलं असलं की चिडवणं कमी होतं. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी घरी फोन आला पाहिजे, कारण किमोवरच्या मुलाला या दोन आजारांपासून मोठा धोका असतो आणि प्रतिबंधाची औषधं लवकर द्यावी लागतात. मधल्या काळात रोज अर्धा तास अभ्यास चालू ठेवा, दोन गणितं, एक धडा. ज्या मुलाचा गृहपाठ बाकी असतो, त्याला कळतं की मोठ्यांनी आपल्याला पुढच्या वर्षात धरलंय.

पुढे काय, हेही तुम्ही विचारलंय. एएलएल हा मुलांच्या कर्करोगांपैकी सगळ्यात चांगला बरा होणाऱ्यांपैकी आहे. उपचार पूर्ण झालेल्या मुलांवर लक्ष ठेवायला टाटात १९९१ पासून वेगळी ओपीडी आहे, आणि बऱ्या झालेल्या तरुणांचा 'उगम' नावाचा गट इंडियन कॅन्सर सोसायटीबरोबर काम करतो. त्यातल्या एखाद्या नोकरी करणाऱ्या मुलाशी भाऊजींची गाठ घालून द्या. आकडे सांगून जे पटत नाही ते समोर बसलेला माणूस पटवतो. मधे कधी डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह विभागाकडे पाठवलं तर दचकू नका. दुखणं, उलट्या, तोंड येणं हे कमी करणारे ते लोक आहेत, उपचार चालू असतानाही त्यांची मदत घेतात.

तुमच्या रजेचं. बिनपगारी रजा घेऊन मुंबईला जाऊन राहू नका. एकतर तुमचा पगार या घराला लागणार आहे, आणि गावात तारखा, बातम्या, भाची आणि शाळा सांभाळणारा माणूस मुंबईतल्या तिसऱ्या माणसापेक्षा जास्त मोलाचा आहे. किरकोळ रजा साठवून ठेवा आणि ताई दमली की वापरा. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना आजच लिहून टाका, तेवढे दिवस तुम्ही मुलाजवळ आणि ताई गावी. वॉर्डात सोबतचा माणूस बदलायचा तर पास लागतो का, ते सिस्टरला आधीच विचारून ठेवा.

भाचीलाही एकदा मुंबईला न्या. काउंट बरे आहेत ना आणि भावंडांना भेटू देतात ना, हे ताईकडून आधी विचारून घ्या. तिला सर्दी-ताप असेल तर जाणं पुढे ढकला, आणि का ढकललं ते तिला खरं सांगा.